विश्लेषण : हळदीच्या मंडपातला ‘कोल्ड पायरो’ खरेच थंड असतो का?

नवरा-नवरी स्टेजवर येताच दोन्ही बाजूंनी उसळणारे ठिणग्यांचे कारंजे आता गावागावांत पोहोचले आहे. सिनेमाच्या सेटवर हेच काम प्रशिक्षित माणसे अंतर मोजून करतात. मंडपात ते अंतर कोण मोजते?

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना कासू हे नाव पाठ असते. ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’ असे महामार्गाच्या रुंदीकरणाचे ४२-४२ किलोमीटरचे दोन टप्पे. रेल्वेने गेले तर पेणच्या पुढे आणि नागोठण्याच्या अलीकडे कासू स्थानक लागते. पेण ते रोहा या पट्ट्यात तुळशीचे लग्न लागले की मंडप उभे राहू लागतात. हळदीची रात्र असो, कबड्डी स्पर्धेचे उद्घाटन असो की एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, साउंड आणि लाइटच्या बिलात हल्ली आणखी एक ओळ असते : कोल्ड पायरो.

स्टेजच्या कडेला ठेवलेल्या डब्या किंवा चौकोनी यंत्रे, हातात रिमोट घेतलेला एक मुलगा आणि दहा-बारा फूट उंच उडणाऱ्या पांढऱ्या-सोनेरी ठिणग्या. ‘काही होत नाही, हात घालून बघा,’ असे सांगून ही सेवा विकली जाते. हात घातला तर बहुतेक वेळा खरेच काही होत नाही. पण ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री गोव्यातील हडफडे येथील नाइट क्लबमध्ये आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा आत उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे ती लागल्याचे प्राथमिक तपासाच्या आधारे सांगण्यात आले. मृतांत बहुसंख्य क्लबचेच कर्मचारी होते. त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा प्रशासनाने नाइट क्लब, बार आणि हॉटेलांत फटाके आणि पायरोटेक्निक इफेक्ट वापरण्यावर बंदी घातली.

मग ‘थंड’ ठिणगीने आग लागते कशी? आणि सिनेमात गाड्या हवेत उडतात, तेव्हा नायक सुखरूप कसा राहतो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

पायरोटेक्निक इफेक्ट म्हणजे काय?

दिवाळीतला भुईनळा हा पायरोटेक्निक इफेक्टच आहे. जळणारा पदार्थ, त्याला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ आणि ठिणग्या किंवा रंग देणारी धातूची भुकटी किंवा क्षार, अशी त्याची साधारण रचना असते. स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने लाल, बेरियमच्या क्षाराने हिरवा, तांब्याच्या क्षाराने निळा रंग मिळतो. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम हे धातू पांढऱ्या-रुपेरी ठिणग्या देतात.

व्यावसायिक वापरात वात पेटवायला कोणी काडी घेऊन जात नाही. बारीक तारेच्या टोकाला ज्वालाग्राही मिश्रण लावलेले असते. तारेतून वीज गेली की ती तापते आणि मिश्रण पेटते. त्यामुळे दूर उभे राहून, ठरलेल्या क्षणी, गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबता येते. सिनेमातला स्फोट, स्टेडियममधली आतषबाजी आणि लग्नातली डबी या तिन्हींत हेच तत्त्व असते.

‘कोल्ड पायरो’ दोन प्रकारचा

बाजारात या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली म्हणजे एकदाच वापरायची छोटी नळी. यात दारूचे कमी धूर करणारे मिश्रण आणि टायटॅनियमचे कण असतात. रिमोटने पेटवली की ठरावीक सेकंद कारंजे उडते आणि नळी संपते. थोडक्यात, हा विजेवर पेटणारा भुईनळा.

दुसरे म्हणजे स्पार्क मशिन. यात दारू नसते. टायटॅनियम, झिर्कोनियमसारख्या धातूंचे दाणे यंत्रातील हीटर तापवतो आणि पंखा ते वर फेकतो. हवेतील ऑक्सिजन मिळताच दाणे जळत ठिणग्या होऊन उडतात. दाणे भरत राहिले की यंत्र पुन्हा पुन्हा वापरता येते. दारू नसल्यामुळे विक्रेते ते फटाका म्हणून नव्हे, विजेचे यंत्र म्हणून विकतात. मंडपाच्या कापडाला मात्र ठिणगी नळीतून आली की यंत्रातून, याने फरक पडत नाही.

मग ती थंड कशी?

ती थंड नसते. टायटॅनियम जळताना कणाचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. तरी हात भाजत नाही, याचे कारण तापमान आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. फोडणीतून उडालेली एक मोहरी हातावर पडली तर क्षणभर चटका बसतो. त्याच कढईतले तेल सांडले तर हात भाजतो. दोन्हींचे तापमान जवळपास सारखेच, पण मोहरीत साठलेली उष्णता नगण्य असते. ठिणगीचेही तसेच आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या टायटॅनियमच्या कणाचे वजन साधारण अडीच मायक्रोग्रॅम भरते. एवढ्या कणातली उष्णता हवेतच संपते. लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरच्या ठिणग्या कामगाराच्या हातावर पडतात, तरी तो काम चालू ठेवतो. पण तोच कामगार जवळ पेट्रोलचा डबा किंवा कापसाचा बोळा ठेवत नाही.

‘कोल्ड’ या नावाने नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. कारंजे एक ठिणगी सोडत नाही, सेकंदाला असंख्य सोडते. काही कण मोठे असतात, ते पूर्ण विझण्याआधीच खाली येतात किंवा वर छताला लागतात. नळीचे तोंड इफेक्ट संपल्यावरही बराच वेळ तापलेले राहते. शिवाय आजूबाजूला असते काय? पातळ झालरी, थर्माकोलची अक्षरे, प्लास्टिकची फुले, फोमची सजावट आणि वाळलेल्या झावळ्या. हाताची कातडी जे सहन करते, ते यातले काहीच सहन करत नाही.

सिनेमात स्फोट कसा घडवतात?

पडद्यावरची आग मराठी माणसाला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला, तेव्हापासून जळणारी नगरी पाहायला प्रेक्षक गर्दी करत आले आहेत. ‘शोले’तील रेल्वे दरोड्याचा गाजलेला प्रसंग तर रायगडच्याच मातीत, पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाला. १९७५ मध्ये तो पडद्यावर आला, तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. काही मिनिटांच्या त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला आणि त्यासाठी ब्रिटनमधून तंत्रज्ञ आणले होते. धोक्याच्या दृश्याला वेळ लागतो तो मुख्यतः तयारीत.

सिनेमात दिसणारा नारिंगी आगीचा लोळ खऱ्या स्फोटात सहसा दिसत नाही. लष्करी स्फोटकाचा स्फोट कॅमेऱ्यात नीरस दिसतो : क्षणभर चमक आणि मग करड्या धुळीचा लोट. म्हणून सेटवर जाड पोलादी नळकांड्यातून थोड्या दारूच्या जोरावर पेट्रोल किंवा केरोसिन हवेत उडवून पेटवतात. इंधन अर्धवट जळते, त्यातील काजळीचे कण तापून चमकतात आणि तो ‘फिल्मी’ नारिंगी-काळा लोळ तयार होतो. आवाज बराचसा नंतर स्टुडिओत भरतात.

उडणारा मलबाही खोटा असतो. दगडांच्या जागी बुचाचे, थर्माकोलचे किंवा हलक्या लाकडाचे तुकडे असतात आणि धुळीसाठी अनेकदा मुलतानी माती वापरतात. गोळी लागल्याचे दृश्य असेल तर कपड्याखाली संरक्षक पट्टी, त्यावर विजेवर फुटणारी टिकली आणि खोट्या रक्ताची पिशवी असते. जिथे माणसे जवळ असतात, तिथे दारू टाळून दाबलेल्या हवेने माती उडवली जाते.

आकडे मोठे असले तरी पद्धत हीच राहते. जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’साठी जून २०१५ मध्ये मोरोक्कोत घडवलेल्या स्फोटात ८,४१८ लिटर केरोसिन आणि ३३ किलो स्फोटके वापरली गेली. गिनेस बुकने सिनेमातील सर्वात मोठा स्फोट म्हणून तेव्हा त्याची नोंद केली. ‘ओपनहायमर’मधील अणुस्फोटही संगणकाऐवजी पेट्रोल, प्रोपेन, ॲल्युमिनियमची भुकटी आणि मॅग्नेशियम यांच्या मदतीने उभा केला होता.

नायक आगीच्या इतक्या जवळ कसा?

तो जवळ नसतो. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिले की पुढची आणि मागची वस्तू एकमेकांना चिकटल्यासारखी दिसते. स्फोट नायकाच्या पाठीशी झाला असे वाटते, प्रत्यक्षात मधे बरेच मैदान असते. प्रेक्षकाला दिसणारे अंतर खोटे असते, सेटवरचे अंतर मात्र मोजून आखलेले असते. कोण कुठे उभा राहील, वारा कुठून येतो, पळायची वाट कोणती, हे आधी ठरते. बटण एकाच माणसाच्या हातात असते. एखादी व्यक्ती आखलेल्या रेषेच्या आत दिसली, तर कॅमेरे चालू असले तरी त्याने बटण दाबायचे नसते.

ही शिस्त मोडली की काय होते, याची उदाहरणे सिनेमानेच दिली आहेत. २३ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’च्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर अगदी खाली उडत होते. खालून झालेल्या स्फोटांनी त्याच्या शेपटीच्या पंख्याचे नुकसान झाले, ते कोसळले आणि अभिनेते व्हिक मॉरो यांच्यासह दोन लहान मुलांचा जीव गेला. स्फोट ठरल्याप्रमाणेच झाले होते. चुकले होते ते स्फोट आणि हेलिकॉप्टर यांच्यातले अंतर.

आपल्याकडे ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली. ६२ जण गेले. दिग्दर्शक-अभिनेते संजय खान गंभीर भाजले आणि पुढचे अनेक महिने त्यांच्यावर शस्त्रक्रिया सुरू होत्या. आग इतकी पसरण्यामागे सैल वायरिंग, हवा खेळायला नसलेली जागा आणि भिंतींवर लावलेले गोणपाट ही कारणे पुढे आली. ठिणगी कुठूनही आली असती, तरी तिला पसरायला सेट तयारच होता.

अंतर किती असावे?

आकाशात फुटणाऱ्या गोळ्यासाठी अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकात सोपे गणित आहे : गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे प्रेक्षक किमान ७० फूट दूर. चार इंची गोळा असेल तर २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. अशी साडेसहा मैदाने एकापुढे एक ठेवली की हे अंतर होते. गावातल्या किती पटांगणांत एवढी जागा आहे, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

प्रेक्षकांजवळ, स्टेजवर वापरायच्या इफेक्टसाठी तिथले मानक प्रेक्षकांपासून किमान १५ फूट, किंवा ठिणग्या जिथवर पडतात त्याच्या दुप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते अंतर सांगते. हे आडवे अंतर झाले. मंडपात त्याहून महत्त्वाचे असते उभे अंतर. स्टेज चार फूट उंच असेल आणि कारंजे बारा फूट, तर ठिणग्या जमिनीपासून सोळा फुटांवर जातात. मंडपाचे कापड किंवा त्यावरून सोडलेल्या झालरी त्याच उंचीवर असतील, तर ठिणग्या हवेत विझत नाहीत, कापडावर आदळतात.

आतापर्यंतच्या आगी काय सांगतात?

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील वेस्ट वॉर्विक येथील क्लबमध्ये गाणे सुरू होताच ठिणग्यांची कारंजी उडवली गेली. स्टेजच्या भिंतींवर आवाज अडवण्यासाठी लावलेला फोम पेटला. सुरुवातीला काही जणांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. सुमारे दीड मिनिटात नाचण्याच्या जागेवर श्वास घेणे अशक्य झाले. १०० जणांचा मृत्यू झाला.

२७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधील सांता मारियात मोकळ्या जागेसाठीचा फ्लेअर क्लबच्या आत पेटवला गेला. तो आत वापरायच्या प्रकारापेक्षा स्वस्त होता. छताचा फोम पेटून विषारी धूर पसरला आणि २४२ जण दगावले. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी बुखारेस्टच्या क्लबमध्ये पुन्हा ठिणग्या, पुन्हा फोम आणि ६४ मृत्यू.

या तिन्ही ठिकाणी उपकरण बिघडले नव्हते. कारंजे जसे उडायचे तसेच उडाले. वर किंवा बाजूला पेट घेणारी वस्तू होती आणि बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या होत्या.

याच्या उलट उदाहरण मुंबईतले आहे. १४ फेब्रुवारी २०१६ रोजी गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’ सप्ताहातील ‘महाराष्ट्र रजनी’त लावणी सुरू असताना मंचाखालून आग लागली. काही मिनिटांत भव्य मंच ज्वाळांनी वेढला गेला. मुख्यमंत्र्यांसह मोठी गर्दी तिथे होती, तरी जीवितहानी झाली नाही. अग्निशमन दल तैनात होते आणि लोकांना पळायला उघडी चौपाटी होती. तीच आग चार भिंतींत आणि एका दारात लागली असती, तर चित्र वेगळे असते.

कायदा काय सांगतो?

फटाके १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात. २००८ च्या स्फोटके नियमांत त्यांचा स्वतंत्र, सातवा वर्ग आहे. त्यांची निर्मिती, साठा आणि सार्वजनिक आतषबाजी यांना परवाना लागतो. हे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरात आहे. आवाज करणारे फटाके रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वाजवता येत नाहीत. इमारती आणि सभागृहांसाठी महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे.

प्रत्यक्षात मंडपापर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. पायरो ऑनलाइन मिळतो, साउंडवाला तो बाकी सामानाबरोबर टेम्पोतून आणतो आणि ‘पाच हजारांत चार’ असा भाव ठरतो. सिनेमाच्या सेटवर ज्या माणसाचे एकच काम असते, ते काम इथे स्पीकरच्या वायरी जोडणाऱ्या मुलाकडे जाते. त्याला कोणी शिकवलेले नसते. अपघात झाला तर यंत्राच्या सर्वात जवळ तोच असतो.

यजमानांनी काय पाहावे?

पायरो ठरवताना भाव करण्याआधी पुढील गोष्टी विचारता येतील.

• वर काय आहे? कारंज्याची पूर्ण उंची आणि स्टेजची उंची यांची बेरीज करा. त्याच्या वर बरीच मोकळी जागा हवी. कापडी छत किंवा झालरी असतील तर पायरो मंडपाबाहेर, प्रवेशाच्या वाटेवर उघड्या आकाशाखाली लावा.

• बाजूला काय आहे? थर्माकोल, प्लास्टिकची फुले, फोम आणि पडदे दूर हवेत. नवरीचा शेला आणि करवल्यांच्या ओढण्याही यातच मोजा.

• बटण कोणाच्या हातात? एकाच माणसाच्या. त्याला कारंज्याची चारही ठिकाणे डोळ्यांनी दिसली पाहिजेत. लहान मुले पुढे धावली तर बटण दाबायचे नाही, हे आधीच सांगून ठेवा. व्हिडीओवाल्याच्या इशाऱ्यावर पायरो सोडू नये.

• विझवायला काय आहे? कापडाच्या आगीसाठी पाणी आणि अग्निशामक नळकांडे चालते. यंत्रात भरायच्या धातूच्या दाण्यांवर मात्र पाणी टाकू नये, जळत्या टायटॅनियमवर पाणी पडले की हायड्रोजन तयार होऊन आग भडकते. तिथे कोरड्या वाळूची बादली हवी. दाण्यांची पाकिटे कोरडी आणि स्टेजपासून दूर ठेवा.

• बाहेर पडायच्या वाटा किती? किमान दोन, विरुद्ध दिशांना. जेवणाच्या टेबलांनी किंवा जनरेटरच्या वायरींनी त्या अडवलेल्या नसाव्यात.

• उडवून झाल्यावर काय? नळ्या लगेच उचलू नयेत आणि कचऱ्याच्या पोत्यात टाकू नयेत. त्या पूर्ण निवेपर्यंत एकाने तिथे थांबावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. लागतात ती दहा मिनिटे आणि एक मोजपट्टी. कासू, गडब किंवा आमटेमच्या एखाद्या मंडपात आग लागलीच, तर बंब महामार्गावरची वाहतूक कापत येईपर्यंत कापडी छत उरलेले नसेल. त्या पहिल्या दोन मिनिटांत मदतीला असते ते आधी ठेवलेले अंतर, उघडी ठेवलेली वाट आणि वाळूची बादली.

पायरो लावूच नये, असा याचा अर्थ नाही. उघड्या आभाळाखाली, माणसे आणि कापड दूर ठेवून उडवलेले कारंजे डोळ्यांचे पारणे फेडते आणि फोटोही तितकेच चांगले येतात. फक्त ‘कोल्ड’ या शब्दावर विसंबून ते कापडाखाली लावू नये. नाव विक्रेत्याने दिले आहे, ठिणगीने नाही.